डिस्लेक्सिया आणि पहिली वेलांटी

कॅलिफोर्नियात शिकणाऱ्या कॅरोल ग्रायडरला शाळेत स्पेलिंग सुधारण्यासाठी वेगळ्या वर्गात बसवत. आपण ढ आहोत, असंच तिला वाटे; खरं तर तिला डिस्लेक्सिया होता. उच्चारावरून शब्द लावता येईना, तेव्हा ती शब्दच्या शब्द पाठ करू लागली. ही घोकंपट्टी पुढे रसायनशास्त्रात कामी आली. जीआरई परीक्षेत मात्र गुण घसरले. कॉलेजातली कामगिरी उत्तम, प्रयोगशाळेचा अनुभव गाठीशी, तरी पीएचडीच्या मुलाखतीला बोलावलं ते फक्त कॅलटेक आणि बर्कलीने. ती बर्कलीला गेली. तिथे एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांच्याकडे काम करताना १९८४च्या नाताळच्या दिवशी टेलोमरेज या विकराचा पुरावा तिच्या हाती लागला. त्याच कामासाठी २००९मध्ये नोबेल मिळालं.

यावरून डिस्लेक्सिया म्हणजे झाकलेली प्रतिभा, असं समजू नये. इतर मुलांत असतात तशीच या मुलांतही हुशार असतात, बेताची असतात. अडतं ते वाचनाशी.

बोलणं मूल आपसूक शिकतं. लेखनाचं वय मात्र जेमतेम पाच हजार वर्षं, त्यामुळे वाचनासाठी मेंदूत जन्मजात सोय नाही. चेहरे, वस्तू ओळखणाऱ्या भागाशेजारचा डाव्या मेंदूतला एक पट्टा सरावाने अक्षरांसाठी तयार होतो आणि ध्वनी हाताळणाऱ्या भागांशी जोडला जातो. डिस्लेक्सियात ही जोडणी कच्ची राहते. अक्षरं उलटी दिसतात, हा गैरसमज. उलटी अक्षरं तर लिहायला शिकताना बरीच मुलं काढतात.

आता ‘किल्ला’ हा शब्द घ्या. तोंडातून आधी क निघतो, मग इ. कागदावर वेलांटी क च्या आधी उभी. ‘गर्दी’त र चा उच्चार द च्या आधी, पण रफार बसतो शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर. सरावलेल्या वाचकाला हे जाणवतही नाही. ज्याला ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालतानाच दम लागतो, त्याला प्रत्येक ओळीत अशा उलटसुलट उड्या माराव्या लागतात.

जर्मन, इटालियन यांसारख्या बऱ्याच अंशी उच्चाराबरहुकूम लिहिल्या जाणाऱ्या भाषांत अशी मुलं चुका कमी करतात, पण वाचतात फार हळू. मराठीही बऱ्यापैकी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, म्हणून इथेही हा धोका आहे असं मला वाटतं: मूल अडखळत का होईना, बरोबर वाचतं, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. धडा वाचून दाखवला तर तेच मूल धडाधड उत्तरं देतं. दहावीला मिळणारा जादा वेळ किंवा लेखनिक ही मेहेरबानी नव्हे; २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. पण दहावीपर्यंत थांबायचं कशाला? ध्वनी आणि अक्षरं यांची जोडणी टप्प्याटप्प्याने पक्की करून घेणारं शिक्षण पहिली-दुसरीतच सुरू झालं, तर फरक सर्वाधिक पडतो.

त्यासाठी तपासणी मुलाच्या भाषेत हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी असलेलं मूल फक्त इंग्रजीत अडखळत असेल, तर कदाचित त्याला इंग्रजीच कमी येत असेल. दोन्हीकडे अडखळत असेल, तर त्याला शिकवणी लावून भागणार नाही, शिकवण्याची पद्धतच बदलावी लागेल.