सदाशिव पेठेतला जॅक अन् काळ्या रानातली ट्रॉली



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरवाल्या सभासदांची खरेदी सुरू होते. टायर, ट्यूब, ताडपत्री, साखळदंड आणि जॅक. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली मुलं-मुली आता स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पुण्यात सदाशिव पेठेत खोली करून राहतात. तेव्हा "पोराला डबा द्यायला जातोच आहे, येताना जॅकही आणतो" असे म्हणणारे पुष्कळ. पेठेतून लक्ष्मी रस्त्याने पायी पूर्वेकडे निघाले की पाऊण तासात नाना पेठ येते. गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार तिथे. हत्यारे, पाने पाहायची तर वाटेत रविवार पेठेत बोहरी आळी आहे. (दुपारी एक ते चार या वेळेत पुण्याचा दुकानदार गाठू नये, हे आम्ही सांगायला नको.)

माल चांगला मिळतो, तक्रार मालाबद्दल नाही. पण दुकानात फरशीवर ठेवून दाखवलेला जॅक आपण घेतो आणि तो वापरायचा असतो काळ्या रानात, रात्रीच्या वेळी, उसाने भरलेल्या ट्रॉलीखाली. सदाशिव पेठेच्या बोळात मोटारगाडी पंक्चर झाली तर खाली डांबर असते, गाडी हलकी असते. तिथे गाडीसोबत आलेला कात्रीचा जॅकही काम भागवतो. तोच जॅक पाणी दिलेल्या उसाच्या कडेला लावून बघा. गाडी वर यायच्या आधी जॅकच खाली जातो.

असे का होते, याचा हिशोब सोपा आहे. समजा भरलेल्या चारचाकी ट्रॉलीचे वजन १० टन. एका चाकावर सरासरी अडीच टन. बाटली जॅकची बैठक साधारण १२ सेंटिमीटर लांब-रुंद धरली, तर जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर १७ किलोचा भार पडतो. ओली काळी माती तो पेलत नाही. त्याच जॅकखाली ४५ सेंटिमीटर लांब-रुंद जाड फळी टाकली की भार सव्वा किलोवर येतो. फळी मात्र दोन इंचांपेक्षा पातळ नको, बारीक फळी मधेच वाकते आणि सगळा हिशोब फुकट जातो. बाभळीचा जाड तुकडा गावच्या सुताराकडून करून घ्यावा. जॅक पुण्याचा असला तरी फळी आपल्या बांधावरची चालते.

आता जॅक किती टनी घ्यावा? सरासरी अडीच टन म्हटले तरी ऊस एका बाजूला कललेला असतो, रस्ता उतरता असतो. म्हणून अशा ट्रॉलीला पाच टनांच्या आतला जॅक नको. मात्र टनापेक्षा उंचीत लोक जास्त फसतात. हवा गेली की अॅक्सल खाली येतो आणि उंच बाटली जॅक त्याच्याखाली शिरतच नाही. तेव्हा खरेदीला जाण्याआधी घरी एका चाकाची हवा सोडून अॅक्सल जमिनीपासून किती इंचांवर राहतो ते मोजावे. जॅकची मिटलेली उंची अधिक फळीची जाडी त्यापेक्षा कमी हवी. पूर्ण उघडल्यावर तो इतका वर गेला पाहिजे, की हवा भरलेला टायर सहज बसेल. ही दोन मापे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. दुकानदार "सगळ्यांना हाच चालतो" म्हणाला तर चिठ्ठी काढा.

जीप घेऊन रानावनात फिरणाऱ्या हौशी मंडळींत एक उंच, दांड्याचा जॅक असतो. अमेरिकेत तो १९०५ पासून बनतो आणि तिकडचे शेतकरी कुंपणाचे खांब उपटायलाही तो वापरतात. चिखलात रुतलेली जीप उचलायला तो उत्तम. पण तो दोन-सव्वादोन टनांचा, भार आला की डोलणारा, आणि हातातून सुटला तर त्याचा दांडा जबडा फोडतो. उसाच्या ट्रॉलीला तो लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चाक बदलण्याचे काम बहुतेकांना येते, म्हणून त्याचा पाढा इथे वाचत नाही. जे विसरले जाते तेवढे सांगतो. टोळीतली माणसे, लेकरे उसावर बसलेली असतात, त्यांना आधी खाली उतरवून लांब बसवा. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, कारण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. जॅक अॅक्सललाच लावा, ट्रॉलीच्या पत्र्याला नाही. ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल मधल्या पिनीवर झुलतो, म्हणून तिथे उचलताना दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकावी लागते. नाहीतर चाक वर येते आणि ट्रॅक्टर भलतीकडेच कलतो.

जमीन फारच ओली असेल तर जॅक लावूच नका. ट्रॉली पंक्चर चाकावरच हळूहळू कडक जमिनीवर ओढा. टायर खराब होईल, होऊ द्या.

आणि जॅक उचलतो, धरून ठेवत नाही. तेलाच्या जॅकचे आतले सील फाटले तर तो सांगून खाली येत नाही. चाक काढण्याआधी अॅक्सलखाली लोखंडी घोडी किंवा आडवे-उभे रचलेले ठोकळे पाहिजेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली डोके घालणारा ड्रायव्हर कितीही जुना असो, मालकाने त्याला मागे ओढलेच पाहिजे.

निगा फार नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू लावतो, त्याच दिवशी जॅक उघडून बघावा. पिस्टन पूर्ण खाली, जॅक उभा, बाजूचे बूच काढले की तेल भोकाच्या कडेपर्यंत दिसले पाहिजे. कमी असेल तर हायड्रॉलिक तेलच घाला. ब्रेक ऑइल घातले की आतले रबर फुगून खराब होते आणि इंजिनाचे जळके तेल घातले की गाळ बसतो. मग सोडायचा स्क्रू ढिला ठेवून दहा-बारा वेळा दांडा मारा, आत अडकलेली हवा निघून जाते. नंतर स्क्रू आवळा, रिकाम्या ट्रॉलीचे चाक उचला, अॅक्सल किती उंच आहे ते मोजून ठेवा. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. अॅक्सल उतरला असेल तर सील बदलल्याशिवाय तो जॅक हंगामाला नेऊ नका. स्क्रू जॅकचे आटे डिझेलने धुऊन ग्रीस लावले की झाले. दोन्ही जातींचे जॅक मिटवून ठेवावेत. उघड्या पिस्टनवर गंज चढला की तोच गंज सील कापतो.

रात्री रस्त्यावर चाक बदलताना ट्रॉलीच्या मागे बऱ्याच अंतरावर एक माणूस बॅटरी घेऊन उभा करा. मागचे परावर्तक उसाच्या वाढ्यांनी झाकलेले असतात, ते मोकळे करा. काम झाल्यावर चाकांना लावलेले दगड रस्त्याच्या कडेला टाका. ट्रॉली काट्यावर पोचते, दगड तिथेच राहतात आणि पहाटे दूध घेऊन निघालेला आपलाच कोणी सभासद मोटारसायकलवरून त्यांच्यावर आदळतो.