कंचनीचा महाल

बुलढाणा जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी मेहकर गाव आहे. तिथे एका जुन्या महालाच्या पडक्या भिंती आहेत. लोक त्याला कंचनीचा महाल म्हणतात.

जुन्या मराठीत कंचनी म्हणजे नाचगाणे करणारी बाई. तेव्हा हा रंगमहाल, असे लोक मानतात. त्याची गोष्ट अशी सांगतात.

कंचनीच्या मनात आले, महाल खूप उंच बांधावा. इतका उंच, की माडीवरून लोणारच्या कमळजादेवीचा दिवा दिसावा. मजल्यावर मजला चढू लागला. देवी कोपली. कंचनीचा दगड झाला. महाल तसाच राहिला.

मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्या एका कवितासंग्रहाचे नाव 'कंचनीचा महाल' हेच आहे. तो 1996 साली निघाला.

गोष्ट गोड आहे. पण आपण जरा विचार करू या. तो दिवा मेहकरहून दिसला असता का?

लोणार इथून सरळ रेषेत सुमारे 20 किलोमीटर आहे. फार फार वर्षांपूर्वी तिथे उल्का आदळली. उल्का म्हणजे आकाशातून पडणारा दगड. त्याने जमिनीत मोठा खड्डा पडला. तो सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आणि सव्वाशे मीटरांहून जास्त खोल आहे. तळाशी खारे तळे आहे. देवीचे देऊळ तिथेच, खाली तळ्याकाठी आहे.

आता सांगा, विहिरीच्या तळाशी कंदील ठेवला, तर तो शेजारच्या गावाहून दिसेल का? नाही. विहिरीचा काठ आड येतो. इथेही तसेच. दहा-वीस मजले चढवले तरी दिवा दिसणार नाही. हा शाप नव्हे, जमिनीचा उंचसखलपणा आहे.

जुन्या इमारतीही शापाने पडत नाहीत. भेगांत पाणी मुरते. पिंपळाची मुळे भिंत फोडतात. कोणी घरासाठी दगड उचलून नेतो. कोणी गुप्तधनासाठी पाया खणतो. असा खणलेला पाया खचतो, अन् वरची भिंत खणणाऱ्याच्याच अंगावर येते.

कायदाही ध्यानात ठेवा. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले, तर कलेक्टरांना कळवावे लागते. हा कायदा 1878 सालचा आहे. धन लपवले तर शिक्षा होते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. पडका महाल जरूर पाहा. सैल भिंतीखाली उभे राहू नका. दगड हलवू नका. मुलांना कंचनीची गोष्ट सांगा. मग त्यांना लोणारला न्या आणि तो काठही दाखवा.