लक्ष सुटते तेव्हा

झेरॉक्सच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, लोक विसरून गेलेल्या मूळ कागदांचा एक गठ्ठा त्याच्याकडे सापडेल. सातबारा, रेशनकार्ड, मुलाची गुणपत्रिका. प्रत हातात पडली की माणूस निघतो आणि मूळ कागद काचेवरच राहतो. मनाने ठरवलेले काम प्रत काढण्याचे होते. ते झाले की मन उठून जाते, मागचे आवरायला थांबत नाही. एटीएममध्येही हेच व्हायचे. पैसे आधी आले की कार्ड यंत्रातच राही. मग अनेक यंत्रांचा क्रम बदलला. आधी कार्ड काढा, मग पैसे. माणसे तीच राहिली, विसरणे कमी झाले.

जेम्स रीझन नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात एकदा चहा करत होते. तेवढ्यात मांजर ओरडू लागले. त्याच्या खाण्याचा डबा उघडून त्यांनी चमचाभर खाणे चहाच्या किटलीत टाकले! दुसरा कोणी हसून सोडून देता, यांनी अशा चुका गोळा करायला घेतल्या. 'ह्यूमन एरर' हा त्यांचा ग्रंथ १९९० साली आला. त्यांचे म्हणणे असे की, या चुका अंगवळणी पडलेल्या कामात होतात. नवशिका चुकतो तो माहीत नसल्यामुळे, मुरलेला चुकतो तो हात सवयीने चालतो म्हणून. सवय मनाला सुटी देते आणि ही सोयच आहे, नाहीतर सदऱ्याची बटणे लावण्यातच आपली सकाळ जाईल. पण सुटीवर गेलेले मन नेमक्या क्षणी परतेलच, याची हमी कोण देणार?

कधी कधी तर लक्ष पूर्ण जागे असते, फक्त भलतीकडे असते. २९ डिसेंबर १९७२च्या रात्री ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान न्यूयॉर्कहून मायामीला उतरत होते. पुढचे चाक खाली आल्याचा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांनी विमान दोन हजार फुटांवर नेऊन ऑटोपायलटवर सोडले आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. कोणी दिवा काढून पाहतोय, कोणी चाक दिसते का म्हणून खाली उतरलाय. मधेच उंची राखणारी यंत्रणा नकळत सुटली. बहुधा दांड्याला कोणाचा तरी धक्का लागला असावा. इशाऱ्याची घंटीही वाजली, पण ती कोणाच्या कानात शिरली नाही. बाहेर दलदलीवर मिट्ट काळोख. विमान हळूहळू उतरत गेले. १७६ पैकी १०१ माणसे गेली. चाक खालीच होते. गेला होता तो बल्ब.

या माणसांना 'लक्ष द्या' असे सांगून काय उपयोग झाला असता? ते लक्षच देत होते. त्या वेळी विमानाकडे फक्त पाहत राहण्याचे काम एकावर सोपवायला हवे होते. पुढे वैमानिकांच्या शिक्षणात ही कामाची वाटणी आली.

माणसाचे मन भरकटणारच, हे गृहीत धरण्याची रीत तशी जुनी आहे. नमाज पढताना रकात किती झाल्या याचा विसर पडतो. दिवसातून पाच वेळा तेच शब्द, त्याच हालचाली, पडणारच. त्यासाठी शेवटी दोन जादा सजदे आहेत, सजदा-ए-सह्व. भान सुटल्याची तरतूद प्रार्थनेतच करून ठेवलेली आहे, हे मला फार शहाणपणाचे वाटते.

जपानमध्ये रेल्वेचालक सिग्नलकडे बोट दाखवून त्याचा रंग मोठ्याने उच्चारतो. परक्या माणसाला हसू येते. पण तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ साली तपासले तेव्हा नुसते काम करताना शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या, बोट दाखवून आणि बोलून त्या ०.३८वर आल्या. डोळा, हात, तोंड आणि कान एकाच कामाला जुंपले की मनाला पळायला वाट कमी राहते.

आपल्या मेल गाड्यांच्या इंजिनातही चालक आणि त्याचा सहायक एकमेकांना सिग्नल ओरडून सांगतात. डब्यात झोपलेल्यांना ते ऐकू येत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये मात्र मोटरमन पुढच्या केबिनमध्ये एकटाच असतो. दर तीन-चार मिनिटांनी स्टेशन, तेच सिग्नल, त्याच फेऱ्या. त्याच्या हाताखालची मूठ सुटली तर ब्रेक लागतो, पण हात मुठीवर ठेवूनही मन घरच्या आजारपणात असू शकते. म्हणून लाल सिग्नल ओलांडल्यावर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणाही तिथे बसवलेली आहे. तिचा खर्च काढणाऱ्या माणसाने मोटरमनला नुसता दम देऊन भागवले नाही.