वाराचें जेवण आणि शाळेंतली पंगत

चाळीसगांवाहून पाटणादेवीस गेलेल्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं देवीचें दर्शन घेतलें असेल, त्या डोंगरांत वनभोजनहि केलें असेल. पण तेथील शिलालेखाची चौकशी करणारे थोडेच. गांवापासून सुमारें अठरा किलोमीटरांवर असलेल्या या पाटण क्षेत्रीं भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें एक मठ स्थापन केला. आजोबांच्या ‘सिद्धांतशिरोमणि’ आदि ग्रंथांचें अध्ययन तेथें चालावें, हा त्याचा हेतु. निकुंभ वंशांतील सोइदेव राजानें शके ११२८ मध्यें, म्हणजे इ. स. १२०६-०७ च्या सुमारास, या मठास दान दिलें व तें शिळेवर कोरून ठेवण्यांत आलें. लेखाचा बराचसा भाग संस्कृतांत असून अखेरच्या ओळी त्या काळच्या मराठींत आहेत. पाटणच्या बाजारांत जो माल विकला जाईल त्यावर ग्राहकाकडून राजास मिळणारा भाग मठास दिला आहे, असा त्यांचा आशय आहे. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं हा लेख प्रथम विद्वानांपुढें आणला.

ज्योतिषाच्या अभ्यासकांस हा लेख भास्कराचार्यांच्या वंशावळीसाठीं प्रिय आहे. माझें आयुष्य फळ्यापुढें गेल्यामुळें असेल, मला त्या शेवटच्या रुक्ष ओळीच अधिक बोलक्या वाटतात. विद्या चालवावयाची तर तिच्या योगक्षेमाची तजवीज आधीं झाली पाहिजे, आणि ती तजवीज कोणाच्या रोजच्या मर्जीवर अवलंबून राहूं नये, हें त्या दात्यानें ओळखलें होतें. म्हणून बाजाराच्या उत्पन्नांतून भागच ठरवून दिला. आज शाळेंत शिजणाऱ्या खिचडीविषयीं चार शब्द लिहावयाचे आहेत, ते याच धोरणानें.

पुढील काळांत आपल्या समाजांत गरीब विद्यार्थ्याची सोय होई ती वारांनीं आणि माधुकरीनें. आजच्या मुलांना हे शब्द समजावून सांगावे लागतील. खेड्यांतला गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिकण्यासाठीं पुण्यास किंवा नाशकास जाई. कोणी त्याला सोमवार देई, कोणी मंगळवार. असे सात घरचे सात वार जुळले म्हणजे आठवडा पुरा होई. ज्याला वार मिळत नसत तो झोळी घेऊन माधुकरी मागे आणि पांच घरचा भात, वरण, पोळी एकत्र करून जेवी. मुंजींत बटूला भिक्षा मागावयास लावणाऱ्या समाजाला यांत कांहीं वावगें वाटत नसे. या पद्धतीनें किती तरी मुलें शिकलीं; शिक्षक झालीं, वकील झालीं, वैद्य झालीं. घरच्या मुलांच्या बरोबरीनें परक्या पोराच्या भातावर तूप वाढणाऱ्या त्या माउल्यांचें ऋण कोणीहि नाकारूं नये.

परंतु तें ऋण मानतांना त्या पोराच्या बाजूनेंहि पाहिलें पाहिजे. ज्या घरीं वार असेल त्या घरचीं पूजेचीं फुलें आणणें, विहिरीचें पाणी ओढणें, धाकट्या मुलाकडून उजळणी करून घेणें, हीं कामें न सांगतां त्याच्याकडे येत. त्या घरीं सुतक आलें, मंडळी परगांवीं गेली किंवा यजमानांची मर्जी फिरली, म्हणजे त्या वारीं उपास. तक्रार करावी तरी कोणाकडे? माझे वडील असेच वार लावून शिकले. त्यांचे सहाच वार जुळले होते; शनिवार कोणी दिला नाहीं. सोबत्यांनीं विचारलें म्हणजे ‘मारुतीचा उपास’ म्हणून सांगत. पुढें नोकरी लागली, संसार झाला, तरी तो शनिवारचा उपास त्यांनीं सोडला नाहीं, आणि आम्ही मुलें ती भक्तिच समजत होतों. त्यांच्या वृद्धापकाळीं आईनें एकदां आम्हांला खरी हकीकत सांगितली, तेव्हां ते कांहीं न बोलतां उठून ओट्यावर जाऊन बसले. अन्न मिळालें त्याची कृतज्ञता त्यांच्या मनांत होतीच. पण अन्नासाठीं मान खालीं घालावी लागली होती, तेंहि पन्नास वर्षें गेलीं नव्हतें.

आणखी एक गोष्ट आपण स्वतःशीं कबूल केली पाहिजे. वाराचें ताट जातीच्या उंबऱ्याच्या आंत होतें. कुणब्याच्या, भिल्लाच्या किंवा अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरच्या मुलाला ही वाट कधींच मोकळी नव्हती. ही उणीव ओळखून ज्यांनीं वसतिगृहें काढलीं त्यांचे उपकार थोर आहेत. शाहू महाराजांनीं १९०१ पासून कोल्हापुरांत निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभीं केलीं. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंगतींत जेवत. १९२७ मध्यें महात्मा गांधींच्या हस्तें त्यास छत्रपति शाहू बोर्डिंग हें नांव मिळालें. मुलांच्या जेवणासाठीं लक्ष्मीबाई पाटलांनीं अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रहि मोडलें. पुण्यास १९०९ मध्यें अनाथ विद्यार्थी गृह निघालें; तेंच आजचें पुणें विद्यार्थी गृह. आणि आपल्या खानदेशांत अमळनेरास १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असलेल्या साने गुरुजींनीं छात्रालयांतील मुलांना आईच्या मायेनें वागविलें. शिकतांना हाल सोसलेल्या माणसालाच तें सुचावें, यांत नवल नाहीं.

वसतिगृहांनीं कांहीं शेंकडा, कांहीं हजार मुलें सांभाळलीं. पण गांवोगांवच्या प्राथमिक शाळेंत जाणाऱ्या लक्षावधि पोरांचें काय? इतर देशांना हा प्रश्न आपल्या आधीं पडला होता. जपानांत त्सुरुओका येथें बौद्ध भिक्षूंनीं चालविलेल्या शाळेंत १८८९ सालीं गरीब मुलांना जेवण देण्यास आरंभ झाला. इंग्लंडांत १९०६ सालीं त्यासंबंधीं कायदा झाला. आपल्याकडे मद्रास नगरपालिकेनें १९२० च्या सुमारास एका शाळेंत न्याहारी सुरू केली. कामराजांनीं १९५६ मध्यें त्या प्रांतांत दुपारच्या जेवणाची योजना पसरविली. सर्व देशासाठीं योजना निघाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. त्या वेळीं पुष्कळ राज्यांत शिजवलेलें अन्न मिळत नसे. महिन्यांतून ऐंशी टक्के दिवस हजर राहणाऱ्या मुलाला तीन किलो धान्य घरीं न्यावयास मिळे. घरीं गेलेलें धान्य घरच्या सर्व तोंडांत वांटलें जाणारच. त्यांत त्या मुलाच्या वांट्यास काय येणार?

२८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हुकूम दिला कीं, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत मुलांना शिजवलेलें जेवणच द्यावें. त्यानंतर आपल्याकडेहि शाळेच्या आवारांत चूल पेटली. २००७-०८ मध्यें सहावी ते आठवीच्या वर्गांकडे योजनेचा विस्तार सुरू झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें हें जेवण मुलाचा हक्क ठरलें, आणि २०२१ पासून योजनेस प्रधानमंत्री पोषण हें नांव आहे. पहिली ते पांचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें. सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, म्हणजे ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें, असें प्रमाण ठरलें आहे. २०१५ च्या नियमांत एक कलम मला विशेष मोलाचें वाटतें. शाळेच्या कामाच्या एखाद्या दिवशीं जेवण मिळालें नाहीं, तर त्याबद्दलचें धान्य आणि पैसे पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला दिले पाहिजेत. मंगळवारचें घर चुकलें तर माझ्या वडिलांना कोणी देणें लागत नव्हतें. आजच्या मुलाचें देणें सरकारवर चढतें. वारांत आणि हक्कांत अंतर आहे तें एवढेंच, आणि तें फार मोठें आहे.

तरीहि आपल्या घरांत या जेवणाचें नांव निघालें कीं नाक मुरडलें जातें. ‘खिचडीची शाळा’ असा शब्दच आपण रूढ केला आहे. आपलीं मुलें त्या शाळांत नाहींत, म्हणून ही टीका आपल्याला स्वस्तांत पडते. मी शिकवीत असतां एक मुलगा पानांतली अर्धी खिचडी डब्यांत भरून ठेवी. घरच्या खाटल्यावर निजलेल्या आजीसाठीं तो ती नेत असे. मी त्याला रागें भरलों नाहीं; उलट त्याच्या डब्यासाठीं निराळा डाव वाढावयास वाढणाऱ्या बाईंस सांगितलें. नियमांत तें बसत होतें कीं नाहीं, याचा विचार मी त्या दिवशीं केला नाहीं. आणखी एक अनुभव कित्येक गुरुजी सांगतील. सोमवारीं सकाळच्या तासांना कांहीं मुलें पेंगतात, पोट दुखतें म्हणून सांगतात; जेवणाच्या सुट्टीनंतर तीच मुलें पाढे खणखणीत म्हणतात. पोट दुखत नसतें. रविवार दुखत असतो. शनिवारच्या त्या उपासाचा वार बदलला, एवढेंच.

योजनेंत दोष नाहींत असें नाहीं. जुलै २०१३ मध्यें बिहारांतील सारण जिल्ह्यांत विषारी अन्नानें २३ मुलें दगावलीं, ती गोष्ट विसरतां येणार नाहीं. वाढण्यापूर्वीं शाळा व्यवस्थापन समितीच्या दोघां-तिघां प्रौढांनीं, त्यांत एका शिक्षकानें तरी, अन्न चाखून पाहावें असा नियम आहे. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणें गांवाचेंच काम. जी बाई शंभर पोरांसाठीं रांधते तिला २००९ मध्यें महिना एक हजार रुपये मानधन ठरलें, तेंहि वर्षांतील दहाच महिने; राज्यांनीं त्यांत पुढें भर घातली, तरी तें पोटापुरतें झालें असें म्हणवत नाहीं. मुलांना जेवूं घालणारीचीच चूल अशी राहूं नये.

दुसरी उणीव अधिक मोठी. हें जेवण आठवीला संपतें. चवदा-पंधरा वर्षांच्या वाढत्या वयांत, नेमकी भूक वाढते तेव्हां, पंगत उठते. आणि शाळा सोडून मजुरीस जाण्याचा मोह याच वेळीं होतो. तिसरी उणीव आमच्या चाळीसगांव तालुक्याला नित्य दिसते. दसरा-दिवाळी झाली कीं ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबांच्या गाड्यांत पोरेंहि बसतात. पटावर नांव राहतें आणि पान रिकामें. मूल गांवींच राहावें व त्याच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून सरकारनें हंगामी वसतिगृहांची योजना काढली आहे. पण ती मुलें घरांतून निघण्यापूर्वीं सुरू झाली तरच उपयोगाची. गाडी गेल्यावर उघडलेलें वसतिगृह कोणासाठीं?

आणि आतां थोडा नाजूक विषय. नोव्हेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें मुलांना आठवड्यांतून एकदां अंडें, व अंडें न खाणाऱ्यांस केळें, देण्याचें ठरविलें. जानेवारी २०२५ मध्यें अंड्यासाठींचा सरकारी पैसा बंद करून तें लोकवर्गणीवर सोपविण्यांत आलें. माझ्या घरीं अंडें शिजत नाहीं, पुढेंहि शिजणार नाहीं. परंतु जें माझ्या पानांत नको तें दुसऱ्याच्या लेकराच्या पानांतहि नको, असें म्हणण्याचा अधिकार मला कोणीं दिला? अन्नाची निंदा करूं नये, हें व्रत उपनिषदांनींच सांगितलें आहे. शिवाय यांत अंड्यापेक्षां मोठी गोष्ट अशी कीं, हक्काचें होतें तें पुन्हां वारावर गेलें.

मग आपल्यासारख्या घरांनीं करावें तरी काय? वार द्यावा, पण नव्या रीतीनें. शाळेंत तिथिभोजन देतां येतें. मुलाच्या वाढदिवसाचा खर्च वाचवून त्या दिवशीं सर्व शाळेला उसळ, केळीं किंवा शेंगदाण्याचे लाडू द्यावेत. मात्र भाषण नको, रांगेंत उभ्या केलेल्या पोरांचें छायाचित्र नको. पुण्यांत डॉ. अच्युतराव आपटे यांनीं १९५५ मध्यें विद्यार्थी सहायक समिति काढली, तिच्यासारख्या संस्थेमार्फत नववी-दहावीच्या पुढें शिकूं पाहणाऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या जेवणाचा वर्षाचा खर्च उचलावा. कोणी उचलला हें त्या मुलाला कळलेंच पाहिजे असें नाहीं. आणि आपल्या वस्तींतील सरकारी शाळेंत एखाद्या दुपारीं जाऊन, पंगतीला बसून, ती खिचडी स्वतः चाखावी. बेचव असेल तर तसें लेखी कळवावें. चांगली असेल तर रांधणाऱ्या बाईंना तसें सांगावें. त्यांना तें फार क्वचित् ऐकावयास मिळतें.

वडिलांच्या पश्चात् मी एका सुट्टींत पाटणास जाऊन आलों. त्या शिळेच्या लेखांत कोणीं काय द्यावें तें नीट लिहिलेलें आहे. घेणाऱ्यानें कसें मागावें, त्याविषयीं एक अक्षरहि नाहीं. आठशें वर्षांपूर्वीं आमच्या तालुक्यांत हें कळलेलें होतें. शाळा पुन्हां उघडतील तेव्हां जवळच्या शाळेंत किती मुलें जेवतात, आणि रविवारीं तीं काय खातात, एवढी चौकशी तरी प्रत्येक घरानें करावी, ही नम्र विनंति.