यंत्राशीं जोडलेला बुद्धिबळाचा पट

बुद्धिबळाच्या खेळास आपल्या घरांतून जें स्थान मिळालें आहे, तें केवळ करमणुकीमुळें मिळालेलें नाहीं. आजोबा आणि नातू, सासरा आणि जांवई, ज्यांच्यांत एरव्हीं दोन वाक्यांपलीकडे बोलणें होत नाहीं, अशीं माणसें पटाच्या दोन बाजूंस तास दोन तास समोरासमोर बसूं शकतात, हें या खेळाचें खरें पुण्य होय. अकोले तालुक्यांतील आमच्या राजूरसारख्या गांवीं सह्याद्रीचा पाऊस लागला म्हणजे बाहेर पडणें कठीण होतें. अशा दिवसांत ओसरीवर पट मांडला जाणें हें ठरलेलेंच.

अलीकडे मात्र हा खेळ मोबाईलच्या कांचेवर गेला आहे. मुलें खेळतात, पूर्वींपेक्षां अधिकच खेळतात. परंतु तो डाव घरांतील इतरांस दिसत नाहीं. प्रतिस्पर्धी कोण हें मुलासहि ठाऊक नसतें. तीन मिनिटांत एक डाव संपतो आणि दुसरा सुरू होतो. खेळ वाढला, पण बैठक मोडली, अशी ही स्थिति आहे. या दोहोंचा मेळ घालणारी एक वस्तु निघाली आहे, ती म्हणजे संगणकाशीं जोडलेला लांकडी पट. ती काय आहे व घरास तिचा उपयोग किती, याचा विचार करणें अगत्याचें वाटतें.

हा पट दिसावयास नेहमींसारखाच असतो. मोहरीं हातानेंच उचलावयाचीं असतात. फरक असतो तो पटाच्या पोटांत. साध्या प्रकारांत प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाशीं लोहचुंबक व प्रत्येक घराखालीं एक बारीक कळ असते. मोहरें उचललें कीं कळ सुटते, ठेवलें कीं मिटते. या पटास घर भरलेलें आहे कीं रिकामें, एवढेंच कळतें. तेथें घोडा आहे कीं उंट, हें त्यास दिसत नाहीं. आरंभींची मांडणी ठाऊक असल्यामुळें एकेका चालीचा हिशेब ठेवून तो सर्व डाव जाणतो. म्हणूनच कोणाच्या धक्क्यानें मोहरीं सांडलीं व चुकीच्या जागीं ठेवलीं, तर त्याचा हिशेब कोलमडतो. प्याद्याचा वजीर करावयाचा कीं घोडा, हेंहि त्यास निराळें सांगावें लागतें.

दुसरा प्रकार अधिक चाणाक्ष. त्यांत प्रत्येक मोहऱ्याच्या पोटांत तारेचें एक वेटोळें असतें आणि दोन्ही रंगांच्या मिळून बारा प्रकारच्या मोहऱ्यांचीं कंपनें निरनिराळीं ठेविलेलीं असतात. पटाखालच्या तारा तीं कंपनें ओळखून कोणत्या घरांत कोणतें मोहरें आहे, हें बिनचूक सांगतात. हॉलंडमधील डीजीटी कंपनीचे असे पट मोठमोठ्या सामन्यांत वापरले जातात. डाव संपल्यावर दोन्ही राजे पटाच्या मधोमध ठेवण्याची चाल यांतूनच पडली. पांढरा जिंकला तर ते मधल्या दोन पांढऱ्या घरांत, काळा जिंकला तर दोन काळ्या घरांत, आणि बरोबरी झाली तर एक पांढऱ्यांत व एक काळ्यांत ठेवावयाचा; म्हणजे यंत्रास निकाल समजतो.

२०२५ च्या जुलैंत जॉर्जियांतील बाटुमी येथें महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना दोन भारतीय स्त्रियांत झाला. नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें कोनेरू हंपीसारख्या कसलेल्या खेळाडूस हरवून तो चषक जिंकला व ग्रँडमास्टर ही पदवीहि मिळविली. अशा सामन्यांतील चाल पटावर पडतांच दूरदूरच्या घरांत दिसते, ती या जाणत्या पटांमुळेंच.

आतां आपण होऊन मोहरीं हालविणाऱ्या पटाविषयीं. ही हौस फार जुनी आहे. १७७० सालीं केंपेलेन यानें व्हिएन्नाच्या दरबारांत एक बुद्धिबळ खेळणारा तुर्क पुतळा दाखविला. पुढें उघड झालें कीं, त्याच्या पेटींत एक खेळाडू दडून बसत असे. खरें यंत्र केलें तें टोरेस केवेदो या स्पॅनिश इंजिनियरानें, १९१२ सालीं. एक हत्ती व राजा घेऊन समोरच्या एकट्या राजावर मात करणें एवढेंच त्यास येत असे. परंतु तेथें लबाडी नव्हती. १९२० च्या सुमाराच्या दुसऱ्या यंत्रांत मोहरीं पटाखालच्या विद्युच्चुंबकानें सरकत. आपल्याकडे मुंबईच्या भव्य गोहिल व आतुर मेहता या तरुणांनीं याच तत्त्वावर ‘स्क्वेअर ऑफ’ नांवाचा पट सिद्ध केला व २०१६ सालीं तो लोकांच्या आगाऊ वर्गणीवर बाजारांत आणण्याचा उपक्रम केला. मूळ कल्पना अंधांस खेळतां यावें अशी होती. पटाखालीं चुंबक आडवा-उभा फिरतो, वरचें मोहरें त्यामागें सरकतें; आणि घोडा इतरांस न उडवितां घरांच्या सीमारेषेवरून वाट काढीत जातो.

यंत्राच्या बुद्धीविषयीं आतां वाद उरलेला नाहीं. १९९७ च्या मे महिन्यांत ‘डीप ब्लू’नें जगज्जेत्या कास्पारोव्हवर साडेतीन विरुद्ध अडीच अशी सरशी केली. तथापि तेव्हां यंत्राची चाल पटावर खेळावयास समोर माणूसच बसला होता. बुद्धि यंत्राची झाली तरी समोर कोणी तरी बसलेलें असावें, ही गरज माणसाची आहे. घरांतील पटाचा विचारहि याच दृष्टीनें करावयास हवा.

परदेशीं गेलेल्या मुलाचा आपल्या वृद्ध वडिलांशीं रोजचा संबंध किती उरतो? प्रकृति विचारली, पाऊस विचारला, कीं संभाषण आटोपतें. पूर्वीं पोस्टकार्डावरून डाव चालत, तसा या पटावरून दिवसास एक चाल असा डाव दोघांत चालूं शकतो. सकाळीं पटावरील दिवा लागून मुलाची चाल कळते. वडील दिवसभर विचार करतात व संध्याकाळीं उत्तर देतात. बारीक अक्षरें न दिसणाऱ्या डोळ्यांनाहि लांकडी मोहरीं दिसतात, बोटांस तीं ओळखतां येतात. लीचेस या विनामूल्य स्थळावर अशा पटावरून खेळण्याची सोय आहे, आणि अनोळखी प्रतिस्पर्ध्याशीं तेथें संथ डावच खेळतां येतात, हेंहि बरेंच आहे.

नवी रीत म्हणून दचकण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनीं बुद्धिबळावर ‘विलासमणिमञ्जरी’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, आणि १८१४ सालीं मुंबईस तो इंग्रजींत छापला गेला तो विलायती पद्धतीस अनुरूप करून. प्याद्यानें प्रथम एक घर चालावें कीं दोन, यावरून खेळाचा धर्म बुडाला नाहीं.

सावध राहावयाचें तें दोन बाबतींत. पहिली अशी कीं, ज्या पटाचें सारें काम कंपनीच्या अॅपवर चालतें, त्याची जोडणी ती कंपनी बसल्यावर बंद पडूं शकते. म्हणून घेण्यापूर्वीं तो इतर स्थळांशीं जोडतां येतो काय, हें विचारावें. दुसरी अधिक महत्त्वाची. यंत्र चांगली चाल सुचवूं लागलें म्हणजे मुलाची विचार करण्याची संवय जाते. आणि दुसऱ्याशीं खेळतांना ती सूचना घेणें ही तर चोरी होय. मोहरें शिवलें तर तेंच खेळावें, हा जुना दंडक यंत्रासमोरहि पाळावयास लावावा. यंत्र मुलास हरवील. पण केलेली चाल निमूटपणें भोगावी, हें त्यास घरांतील वडील माणसानेंच शिकवावें लागेल.

हे पट स्वस्त नाहींत. मुलास प्रथम साधा पट द्यावा. त्यावर त्याचें मन रमलें, तर मग याचा विचार करावा. आणि घरांत खेळावयास माणूस असेल त्या दिवशीं यंत्राची जोडणी खुशाल काढून ठेवावी. वीज गेली तरी लांकडी पटावरचा डाव अडत नाहीं, आणि आमच्याकडे पावसाळ्यांत ती पुष्कळदां जाते.