हाताचा गुण आणि डब्याचा रंग

‘डॉक्टरांच्या हाताला गुण आहे’ याहून मोठं प्रमाणपत्र आपल्याकडे कुठल्याच दवाखान्याला मिळत नाही. आजी सांगते, सून ऐकते आणि नातवाला ताप आला की रिक्षा त्याच गल्लीत वळते. त्या हातांनी आधीचा पेशंट तपासल्यावर नळ सोडला होता का, हे कुणी बघत नाही. विचारणं तर दूरच. देवळात पुजाऱ्याला ‘आंघोळ झाली का?’ विचारावं तसं ते वाटतं.

कायदाही फारसं विचारत नाही. खाटा असलेलं रुग्णालय महाराष्ट्रात १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली येतं. २०२१ साली त्याचे नियम बदलले आणि रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावणं बंधनकारक झालं. फॅमिली डॉक्टरच्या दोन खोल्यांत मात्र तपासणीचं टेबल असतं, खाट नसते. त्यामुळे तो या कायद्यातून सुटतो. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा छोट्या दवाखान्यालाही नोंदणीत आणतो, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. गंमत अशी की ज्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला आपण नाकं मुरडतो, त्याच्यासाठी राष्ट्रीय गुणवत्ता मानकांची भलीमोठी यादी आहे. तपासनीस येऊन गुण देतात आणि प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के लागतात. इंग्लंडमध्ये तर साध्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यालाही सरकारी नियामक श्रेणी देतो आणि २०१५ पासून ती दर्शनी भागात लावावीच लागते. मुलगा-सून तिकडे असलेल्या आपल्या मंडळींनी ती पाहिलीही असेल. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यात गणपतीची तसबीर, औषध कंपनीचं कॅलेंडर आणि ‘चपला बाहेर काढाव्यात’ एवढाच मजकूर भिंतीवर असतो.

मग दर्जा ओळखायचा कसा? माझ्या मते टेबलाच्या खाली वाकून.

तिथे कचऱ्याचे डबे असतात. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम खाटा असोत-नसोत, प्रत्येक दवाखान्याला लागू आहेत. रक्त लागलेला कापूस पिवळ्यात. प्लास्टिकची सिरिंज, सलाइनची नळी, हातमोजे लाल रंगात. फुटक्या काचा, इंजेक्शनच्या कुप्या निळ्यात. आणि सुई? ती पांढऱ्या, अर्धपारदर्शक, टोचलं तरी आरपार जाणार नाही अशा डब्यात, तीही आधी कटरने तोडून. रक्ताळलेला कचरा प्रक्रिया न करता ४८ तासांहून जास्त ठेवायचा नाही. जिथे एकच बादली आहे आणि तीत सुई, कापूस आणि चहाचे कागदी कप गुण्यागोविंदाने नांदतात, तिथे डॉक्टरांच्या डिग्र्या कितीही लांब असोत, संध्याकाळी ती बादली उचलणाऱ्या मावशींचा हात धोक्यात असतो. हिपॅटायटिस-बी असलेल्या माणसाला वापरलेली सुई लस न घेतलेल्याला टोचली, तर संसर्गाची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते. हिपॅटायटिस-सीच्या बाबतीत ती साधारण ३ टक्के आणि एचआयव्हीच्या बाबतीत ०.३ टक्के असते. असा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्यावी, असं नियमातच लिहिलं आहे. मावशींना ती मिळाली आहे का, हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येत नाही.

सुई तोडण्याचा एवढा आग्रह का, ते गुजरातेतल्या मोडासाने २००९ साली दाखवून दिलं. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्या गेल्या, शेकडो लोकांना हिपॅटायटिस-बी झाला आणि कित्येक दगावले. उत्तर प्रदेशात उन्नावजवळच्या बांगरमऊत २०१८ साली एचआयव्हीचे रुग्ण असेच एकाएकी सापडले. संशयाची सुई शब्दशः सुईवरच होती. पाकिटबंद सिरिंज आली तेव्हा वाटलं, उकळत्या पाण्याच्या स्टीलच्या डब्याचा जमाना संपला. खरं तर जखम शिवायचे चिमटे आणि कात्र्या अजूनही तशाच डब्यात उकळणारे दवाखाने आहेत. उकळल्याने बरेच जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू तग धरतात. त्यांना १२१ अंशांची वाफ, चौरस इंचाला १५ पौंडांच्या दाबाखाली, निदान १५ मिनिटं लागते. ऑटोक्लेव्ह हेच करतो आणि घरचा प्रेशर कुकरही याच तत्त्वावर चालतो. डाळीच्या नशिबात जे आहे ते कात्रीच्या नसावं, हे काही बरं नाही.

पण सगळं खापर डॉक्टरांवर फोडणं सोपं आहे. ‘डॉक्टर, एक सुई मारा ना, उद्या कामावर जायचंय’ हे वाक्य कुठल्याही दवाखान्यात तासाभरात दोनदा तरी ऐकू येतं. साध्या सर्दीला सुई न देणारा डॉक्टर आपल्याला कच्चा वाटतो. त्याच्याकडून उठून आपण शेजारच्या गल्लीत जातो, तिथे सुई मिळते आणि शिवाय अशक्तपणासाठी एक सलाइनही. या शतकाच्या सुरुवातीला इंडियाक्लेन या वैद्यकीय संशोधकांच्या गटाने केलेल्या देशव्यापी पाहणीत वर्षाला सुमारे ३०० कोटी इंजेक्शनं दिली जातात आणि त्यांतली ६० टक्क्यांहून जास्त असुरक्षित असतात, असं दिसलं होतं. सर्वांत सुरक्षित इंजेक्शन म्हणजे न दिलेलं इंजेक्शन, पण त्याची फी मागायला डॉक्टरला जड जातं आणि द्यायला आपल्याला.

सुई द्यायचीच तर पुढचा प्रश्न निघतो. पेनिसिलिन असो की दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक, एखाद्याच्या अंगावर ते उलटतं. गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी पहिलं औषध म्हणजे ॲड्रिनॅलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या स्नायूत, ताबडतोब. आपल्याकडे हात सवयीने आधी ॲलर्जीवरच्या एव्हिलकडे आणि डेका या स्टेरॉइडकडे जातो. ती औषधं वाईट नाहीत, पण आवळलेला घसा ती वेळेत सोडवत नाहीत. वडापावाच्या किमतीत मिळणारी ॲड्रिनॅलिनची कुपी मुदतीतली आहे आणि कंपाउंडरलाही तिची जागा माहीत आहे, एवढ्यावर एक जीव टिकतो. इंजेक्शननंतर ‘पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसा’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर चिडू नये.

आणि ती पुडी! कागदात गुंडाळलेल्या चार गोळ्या, ‘पांढरी सकाळ-संध्याकाळ, गुलाबी रात्री.’ आपल्याच रुग्णाला औषध द्यायला डॉक्टरला दुकानाचा परवाना लागत नाही, म्हणून ही पद्धत टिकली. ती स्वस्तही पडते आणि म्हाताऱ्या माणसाची केमिस्टपर्यंतची पायपीटही वाचते. मी तिच्या विरोधात नाही. पण पुडीवर नाव नसतं, मुदत नसते. रात्री अचानक मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथल्या डॉक्टरने ‘काय घेताय?’ विचारलं, तर उत्तर मिळतं, ‘गुलाबी.’ ती गुलाबी स्टेरॉइड होती की ॲसिडिटीची, यावर पुढचे उपचार ठरतात. पाकिटावर पेनने दोन नावं लिहायला किती वेळ लागतो? ॲलोपथीच्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रत्येक चिठ्ठीवर लिहावा, असं २००२ च्या आचारसंहितेत आहे. पुडीला चिठ्ठीच नसते, त्यामुळे तोही प्रश्न मिटतो.

शेवटी फ्रिज. लस २ ते ८ अंशांत हवी, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि काळजी घेतली जाते ती गरम होण्याची. हिपॅटायटिस-बीची किंवा त्रिगुणी लस उलट गोठली की वाया जाते. दिसायला ती तशीच दिसते, टोचतेही तशीच, फक्त संरक्षण देत नाही. सरकारी लसीच्या कुपीवरची रंग बदलणारी चकती उष्णता दाखवते, गोठणं दाखवत नाही. म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही, दारात नाही, मधल्या फळीवर थर्मामीटरशेजारी, आणि दिवसातून दोनदा तापमानाची नोंद.

आमच्या भागातल्या एका दवाखान्यात अशी नोंद ठेवतात. शाळेच्या चौरेघी वहीत, रिसेप्शनच्या ताईंच्या टपोऱ्या अक्षरात, सकाळ आणि संध्याकाळ. मी कौतुकाने पानं उलटत गेलो. दर सातवा रकाना रिकामा. विचारलं, तर ताई हसून म्हणाल्या, “अहो काका, रविवारी दवाखाना बंद असतो ना!”