जर्मन शिकावी का? उत्तर मुक्कामावर अवलंबून

नोकरीनिमित्त जर्मनीत आलेल्या मराठी कुटुंबांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. कार्यालयाचा सारा व्यवहार इंग्रजीत चालत असताना जर्मन शिकण्यात वेळ का घालवावा?

प्रथम वेळेचा हिशेब पाहू. गोएथे इन्स्टिट्यूटच्या अंदाजानुसार 'बी१' पातळी गाठण्यास ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. रोज एक तास दिल्यास हे काम साधारणतः नऊ ते सोळा महिन्यांचे आहे.

त्याचा लाभही मोजता येतो. अन्य अटी पूर्ण करणाऱ्या 'ईयू ब्लू कार्ड'धारकाला 'ए१' पातळीच्या जर्मनवर कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनंतर मिळू शकतो. 'बी१' असल्यास २१ महिन्यांनंतर. नागरिकत्वासाठीही सर्वसाधारणपणे 'बी१' आवश्यक असते. डॉक्टर आणि परिचारिकांना तर भाषेवाचून व्यवसायाचा परवानाच मिळत नाही.

मात्र खरा प्रश्न कार्यालयाबाहेरचा आहे. ब्लू कार्डधारकाच्या पतीला किंवा पत्नीला व्हिसासाठी जर्मन येण्याची अट नसते आणि इथे नोकरी करण्याची मुभाही असते. ही सवलत स्वागतार्ह असली, तरी तिच्यामुळे भाषा शिकणे लांबणीवर पडते. इंग्रजीत चालणाऱ्या नोकऱ्या मोजक्याच क्षेत्रांत असल्याने मुभा कागदावरच राहते. बालवाडीतील पालकसभा, दवाखाना, घरमालकाची पत्रे हे सारे जर्मनमध्येच असते. शाळकरी मुले आईवडिलांची दुभाषी होतात. आजाराची जी गोष्ट त्यांच्या कानी पडू नये, तीही त्यांनाच डॉक्टरांना सांगावी लागते.

मराठी भाषकांना एक गोष्ट अनुकूल आहे. जर्मनप्रमाणे मराठीतही तीन लिंगे आहेत. जर्मनमधील गौण वाक्यात क्रियापद शेवटी येते, हेही त्यांना परके वाटत नाही. शब्दांची लिंगे मात्र जुळत नाहीत. ती पाठच करावी लागतात.

वर्ष-दीड वर्षात परतणार असणाऱ्यांना 'ए१'पुरते जर्मन पुरेसे आहे. स्थायिक होण्याचा विचार असल्यास पहिल्याच वर्षी प्रारंभ करावा, आणि घरात एकालाच वर्ग परवडत असेल, तर तो नोकरी नसलेल्या जोडीदाराने करावा. शहरोशहरीच्या 'फोल्क्सहोखशूले' या प्रौढशिक्षण केंद्रांत असे वर्ग तुलनेने माफक शुल्कात चालतात.